एकच आवाज, पाच प्रोड्युसर: नाझच्या ‘इलमॅटिक’चा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कचा रॅपर नाझ याचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम कोलंबिया रेकॉर्ड्सने १९ एप्रिल १९९४ रोजी प्रकाशित केला, तेव्हा नाझ वीस वर्षांचा होता. अल्बममध्ये दहा ट्रॅक आहेत आणि सगळे ध्वनिमुद्रण सुमारे चाळीस मिनिटांत संपते. मुखपृष्ठावर नाझचा लहानपणीचा चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यातून त्याच्या वस्तीच्या इमारती दिसतात. ही वस्ती म्हणजे क्वीन्समधील क्वीन्सब्रिज हाऊसेस ही सरकारी गृहवसाहत. या अल्बमवर गेल्या तीस वर्षांत उदंड लिहिले गेले आहे, आणि त्यातील बहुतेक लिखाण नाझच्या शब्दांबद्दल आहे. माझा विषय मात्र त्या शब्दांच्या खाली वाजणाऱ्या संगीताचा आहे. एकाच रॅपरच्या, एकाच वयातल्या आणि एकाच वस्तीतून आलेल्या आवाजाला वेगवेगळ्या प्रोड्युसरांनी काय काय करायला लावले, हे एका जागी तपासता येईल असे दुसरे इतके स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आधी शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. चित्रपटाचा निर्माता म्हटले की आपल्यासमोर पैसे घालणारी व्यक्ती उभी राहते. हिप-हॉपमधला प्रोड्युसर तो नव्हे. तो जुन्या तबकड्या धुंडाळतो, त्यांतील दोन-चार सेकंदांचा तुकडा (सॅम्पल) उचलतो, सॅम्पलर या ध्वनी साठवणाऱ्या यंत्रावर त्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे आवर्तन, बांधतो, त्याखाली ढोल आणि बेस बसवून रॅपरसाठी पूर्ण ‘बीट’ तयार करतो, आणि पुष्कळदा रॅपर माइकसमोर उभा असताना त्याचे कडवे कसे नोंदवायचे हेही ठरवतो. संगीतकार, संयोजक आणि काही अंशी दिग्दर्शक अशी तीन माणसांची कामे तो एकटा करतो. म्हणून पुढे मी ‘प्रोड्युसर’ हाच शब्द वापरणार आहे.

‘इलमॅटिक’पूर्वी रॅप अल्बमची प्रचलित रीत एका घराण्याची होती. एक रॅपर किंवा एक गट आणि त्याचा ठरलेला प्रोड्युसर अशी जोडी असे. गँग स्टारमध्ये गुरू शब्द सांभाळी आणि डीजे प्रीमियर संगीत; पब्लिक एनिमीच्या मागे बॉम्ब स्क्वॉड हा संच असे; सी. एल. स्मूथच्या मागे पीट रॉक. नाझकडे असे घराणे नव्हते. त्याच्याकडे होता लार्ज प्रोफेसर, म्हणजे मेन सोर्स या गटाचा प्रोड्युसर, जो वयाने नाझहून जेमतेम दीड वर्ष मोठा होता. १९९१ मध्ये मेन सोर्सच्या ‘लाइव्ह ॲट द बार्बेक्यू’ या गाण्यात त्याने नाझला एक कडवे दिले आणि त्या एका कडव्यावर शहरभर चर्चा सुरू झाली. पुढे रॅपर एम. सी. सर्च याने नाझची बाजू हाती घेतली, कोलंबियातील फेथ न्यूमन यांनी त्याला करारबद्ध केले, आणि लार्ज प्रोफेसरने आपल्या ओळखीच्या प्रोड्युसरांपर्यंत त्याला पोहोचवले. प्रीमियर, पीट रॉक, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा क्यू-टिप आणि क्वीन्सब्रिजचाच एल. ई. एस. हे चौघे असे गोळा झाले. सगळेच तिशीच्या आतले होते आणि सगळे एकमेकांचे काम कान देऊन ऐकत होते.

मी हिप-हॉपकडे तबल्याच्या बाजूने आलो आहे. त्यामुळे लूप ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती लेहऱ्यावरून. स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एक आवर्तनाची छोटी सुरावट तासभर तशीच वाजत राहते. वादक कायदे, रेले, गती आणि तुकडे वाजवत किती दूर गेला, हे आपल्याला त्या न बदलणाऱ्या सुरावटीमुळेच कळते. लूपचे काम हेच आहे. रॅपर सम कोठे ओलांडतो, कोठे वाक्य आवर्तनाच्या पलीकडे नेऊन सोडतो, कोठे मुद्दाम मागे रेंगाळतो, हे लूप स्थिर असल्याशिवाय ऐकूच येणार नाही. फरक एवढाच की लेहरा धरणारा सहसा वादकाचा स्वभाव बदलायला जात नाही, आणि प्रोड्युसर नेमके तेच करतो. सुरावट गच्च भरलेली असेल तर रॅपर एका प्रकारे बोलतो, तिच्यात पोकळी असेल तर दुसऱ्या प्रकारे. ‘इलमॅटिक’ ऐकताना माझ्या मनात हाच एक निकष राहिला आहे: कोणी किती जागा मोकळी सोडली, आणि ती कोणत्या ठिकाणी सोडली.

प्रीमियरपासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण या अल्बमवर त्याची तीन गाणी आहेत आणि ती तिन्ही एकमेकांसारखी नाहीत. ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’चा लूप जो चेंबर्स यांच्या ‘माइंड रेन’ या जॅझ रचनेतून आला आहे. पियानोच्या खालच्या पट्टीतले मोजके स्वर पुढे सरकतात आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबतात. त्यांच्यावर डोनाल्ड बर्ड यांच्या ‘फ्लाइट टाइम’मधील एक कर्कश तुकडा अधूनमधून चमकून जातो. ढोल कोरडा आणि समोर आहे. लूपमध्ये कोणतीही सुरावट पूर्ण होत नाही; ती कायम एखादा दरवाजा उघडण्याच्या बेतात असल्यासारखी वाटते. अशा बीटवर रॅपरला विसावायला जागा राहत नाही, त्याला धावतच राहावे लागते. पहिल्या कडव्यात नाझ तेच करतो. आतल्या आत यमके जुळवत, एकेक वाक्य आवर्तनाच्या सीमेवरून पलीकडे ढकलत, जिन्यातली आणि अंगणातली दृश्ये तो इतक्या वेगाने मांडतो की श्वास घेण्याची जागा ऐकणाऱ्यालाच शोधावी लागते. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला कशी सुरुवात करावी हेच कळत नाही, अशा अर्थाचे त्याचे पुटपुटणे ऐकू येते. प्रीमियरने अनेकदा सांगितले आहे की आपण पलीकडून त्याला मात्रा मोजून दाखवत होतो आणि हे पहिले कडवे एका दमात नोंदवले गेले. ते पुटपुटणे त्याने कापून टाकले नाही. हा निर्णयही प्रोड्युसरचाच असतो, आणि त्या निर्णयामुळे गाण्याचा पहिला क्षण खोलीतल्या भीतीसकट आपल्यापर्यंत येतो.

प्रीमियरचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तो ध्रुवपद गाऊन घेत नाही. जुन्या तबकड्यांवरच्या रॅपरांचे आवाज स्क्रॅच करून, म्हणजे तबकडी हाताने मागे-पुढे फिरवून, तो ते रचतो. ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’मध्ये त्याने रकीमचा आवाज वापरला. ‘मेमरी लेन’मध्ये रूबेन विल्सन यांच्या ऑर्गनवर आणि गुणगुणण्यावर बांधलेल्या बीटवर त्याने क्रेग जी याची ओळ आणली. क्रेग जी हा मार्ली मार्लच्या ज्यूस क्रूमधला, म्हणजे नाझच्याच क्वीन्सब्रिजमधला आधीच्या पिढीचा रॅपर. ही निवड मला अल्बममधल्या सर्वांत विचारपूर्वक निवडींपैकी एक वाटते. प्रीमियर स्वतः टेक्सासमध्ये वाढला. तो क्वीन्सब्रिजचा नव्हता, पण त्याने नाझच्या आठवणींच्या गाण्यात त्याच्याच वस्तीतल्या वडीलधाऱ्या आवाजाला साक्षीला बसवले. त्यामुळे नाझला आपण कोणत्या परंपरेतले आहोत हे शब्दांत सांगत बसण्याची गरज उरली नाही. बीट त्याच्या वतीने ते सांगते.

पीट रॉकचे एकच गाणे अल्बमवर आहे, ‘द वर्ल्ड इज युवर्स’, आणि माझ्या मते संपूर्ण अल्बमचा तोल त्या गाण्यावर उभा आहे. सॅम्पल आहे अहमद जमाल यांच्या ‘आय लव्ह म्युझिक’चे, १९७० च्या ‘द अवेकनिंग’ या अल्बममधले. मूळ रचना लांब आहे. जमाल बराच वेळ एकटेच वाजवतात आणि पीट रॉकने घेतलेला तुकडा रचनेच्या उत्तरार्धात आहे. तो सापडण्यासाठी तबकडी शेवटपर्यंत ऐकणारा माणूस लागतो. जमाल ज्या गुणासाठी पियानोवादकांत ओळखले जात, तो म्हणजे स्वरांइतकाच शांततेचा वापर, आणि माइल्स डेव्हिस यांनी त्यांच्याकडून हेच घेतले होते. त्यामुळे पीट रॉकने एक लूप घेतला असे म्हणणे अपुरे ठरेल. जागा सोडण्याची एक तयार शैलीच त्याने उचलली. पियानोच्या दोन फेकींमध्ये मोकळी जागा आहे, ढोल जाड पण मवाळ आहे, आणि ध्रुवपद पीट रॉक स्वतः गातो. हे जग कोणाचे, असा प्रश्न तो टाकतो आणि नाझ उत्तर देतो. प्रीमियरच्या बीटवर धावणारा तोच मुलगा इथे खुर्चीत मागे टेकून बसल्यासारखा बोलतो. यमकांची गर्दी कमी झालेली नाही, पण वाक्ये आता आवर्तनात मावतात, शेवटचा शब्द समेपाशी सैलसर पडतो, आणि आवाजात प्रथमच भविष्यकाळ ऐकू येतो. प्रीमियरने मुलाखतींत सांगितले आहे की इतरांची गाणी कानावर पडल्यानंतर त्याला आपले काम पुन्हा करावेसे वाटले. या चढाओढीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण अल्बम एकसंध का वाटतो याचे निम्मे उत्तर तिच्यात आहे.

क्यू-टिपचे ‘वन लव्ह’ पत्रांच्या रूपात आहे. तुरुंगातल्या मित्रांना नाझ बाहेरच्या बातम्या कळवतो: कोणाला मूल झाले, कोण दगा देत आहे, घरी आई कशी आहे. तिसऱ्या कडव्यात पत्र मागे पडते आणि त्याची बारा वर्षांच्या एका मुलाशी झालेली भेट येते. यासाठी क्यू-टिपने हीथ ब्रदर्सच्या १९७५ च्या ‘स्माइलिन बिली स्वीट’मधला भाग घेतला. त्यात म्बिरा हे अंगठ्यांनी छेडायचे धातूच्या पट्ट्यांचे आफ्रिकी वाद्य आणि लाकडी डबल बेस ऐकू येतो. म्बिराचा स्वर टोकदार असतो, पण तो लगेच विरतो. त्यामुळे आवाजाच्या पट्टीत तो अडथळा करत नाही, आणि नाझला आवाज न चढवता, एका माणसाशी बोलावे तसे बोलता येते. या गाण्याचा मजकूर ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’च्या बीटवर वाचून पाहिला तर फरक लगेच लक्षात येतो. त्या पियानोवर ही पत्रे धमकीसारखी वाटतील. क्यू-टिपने ऐकणाऱ्याला गर्दीतून उचलून पत्र मिळालेल्या माणसाच्या जागी बसवले, आणि अल्बममध्ये हे दुसऱ्या कोणी केलेले नाही.

एल. ई. एस.च्या ‘लाइफ्स अ बिच’बद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्याचे कौशल्य हात आखडता घेण्यात आहे. गॅप बँडच्या ‘इयर्निंग फॉर युवर लव्ह’चा लूप त्याने फारसा न छेडता वाजू दिला. त्या मऊ, शहरी प्रेमगीतावर पाहुणा रॅपर ए. झेड. मरणाच्या अटळपणाबद्दल बोलतो आणि नाझ वीस वर्षे पूर्ण केल्याचे समाधान मांडतो. गाणे संपत आले की नाझचे वडील, जॅझ वादक ओलू दारा, कॉर्नेट वाजवतात. अल्बमभर जॅझ तबकड्यांमधून, म्हणजे भूतकाळातून येत राहते. या एका ठिकाणी ते रक्ताच्या नात्याने, प्रत्यक्ष खोलीत येते. कॉर्नेटला जागा मिळाली, कारण बीटमध्ये ती शिल्लक होती.

लार्ज प्रोफेसरची तीन गाणी अल्बमवर आहेत. ‘हाफटाइम’ हे १९९२ मध्येच एका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रसिद्ध झाले होते, आणि त्यातला नाझ अजून चौकात इतरांना आव्हान देणारा मुलगा आहे. बीटही तशीच दणकट, छाती पुढे काढणारी. अल्बमचा शेवट करणाऱ्या ‘इट एन्ट हार्ड टू टेल’मध्ये मात्र त्याने मायकल जॅक्सनच्या ‘ह्युमन नेचर’चा तुकडा घेतला. येथे तुलनेला एक सोयीचा आधार मिळतो. एस. डब्ल्यू. व्ही. या गायिकांच्या त्रयीचे ‘राइट हिअर’ हे गाणे १९९३ मध्ये प्रोड्युसर टेडी रायलीने याच ‘ह्युमन नेचर’वर नव्याने बांधले आणि ते खूप गाजले. रायलीने मूळ गाण्याचा गोडवा सांभाळला आणि त्यावर गाणाऱ्या आवाजांचा थर चढवला. लार्ज प्रोफेसरने तोच गोडवा दूर नेऊन पार्श्वभूमीला ठेवला, त्याच्यापुढे जड ढोल आणि कूल अँड द गँगच्या तबकडीवरचे ब्रास उभे केले, आणि मधली जागा पूर्णपणे नाझच्या आवाजाला दिली. मूळ सॅम्पल एकच, वर्षही जवळपास तेच, पण एकातून गाणे तयार झाले आणि दुसऱ्यातून शब्दांचे प्रदर्शन. सॅम्पल म्हणजे बीट नव्हे, हे दाखवायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

पाच माणसांचा अल्बम एकसंध कसा राहिला, हा प्रश्न उरतो. चढाओढीचा उल्लेख वर आला. दुसरे कारण यंत्राचे आहे. पीट रॉक आणि लार्ज प्रोफेसर यांची ओळखच ज्या यंत्राशी जोडलेली आहे, त्या एसपी-१२०० सॅम्पलरवर एकूण सुमारे दहा सेकंदांचा आवाज मावत असे आणि तो १२ बिटांत साठवला जाई. जागा वाचवण्यासाठी ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून नोंद करायची आणि मग यंत्रात तिचा वेग उतरवायचा, ही तेव्हाची सर्रास युक्ती होती. यातून आवाजाला एक खरखरीत, धुरकट पोत येई. बेस मिळवण्यासाठी सॅम्पलमधले वरचे स्वर गाळून फक्त तळाचा घुमारा ठेवण्याची पद्धतही या मंडळींनीच रूढ केली. प्रीमियर अकाई कंपनीच्या सॅम्पलरांवर काम करी, पण तिथेही स्मृतीची मर्यादा होतीच. लय साधारण मिनिटाला ८० ते १०० मात्रांच्या मधली, सामग्री जुन्या, बहुतांशी जॅझ आणि सोल तबकड्यांची, आणि थोडे घेऊन पुष्कळदा वाजवण्याची सक्ती: या तीन गोष्टी पाचही जणांना समान होत्या. जागा मोकळी सोडणे ही त्यांची आवड होती हे खरे, पण दहा सेकंदांच्या यंत्राने त्यांना दुसरा मार्गही फारसा ठेवला नव्हता.

मर्यादेचा आणखी एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. या तुलनेत कारण आणि परिणाम दोन्ही दिशांनी वाहतात. बीट ऐकून नाझचे शब्द बदलले, हे जितके खरे, तितकेच हेही शक्य आहे की मनात पत्रांची कल्पना असल्यामुळे त्याला म्बिराची बीट भावली. म्हणून एका अल्बमवर थांबणे पुरेसे नाही. त्याच रॅपरचे पुढचे काम पाहावे लागते.

‘द सोर्स’ या नियतकालिकाने ‘इलमॅटिक’ला दुर्मीळ असे पाच माइक, म्हणजे आपले सर्वोच्च मानांकन, दिले, पण विक्री मंद राहिली, सुवर्ण प्रमाणपत्र मिळायला १९९६ उजाडले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘इट वॉज रिटन’ आला आणि थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. या वेळी मुख्य सूत्रे ट्रॅकमास्टर्स या जोडीकडे होती. लार्ज प्रोफेसर, पीट रॉक आणि क्यू-टिप त्यात नव्हते. ट्रॅकमास्टर्सची पद्धत उलटी होती: लोकांना ओळखीची वाटेल अशी सुरावट घ्यायची, तिच्यावर चकचकीत थर चढवायचे, ध्रुवपद गायिकेकडून किंवा गाण्यासारखे म्हणवून घ्यायचे. ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’मध्ये लॉरिन हिलचा आवाज आहे, ‘स्ट्रीट ड्रीम्स’मध्ये युरिद्मिक्सच्या प्रसिद्ध गाण्याची छाया. मला हा अल्बम कमअस्सल वाटत नाही, आणि ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’ तर मनापासून आवडते. परंतु बीट भरली की नाझ बदलतो, हे इथे स्पष्ट दिसते. तो निरीक्षक न राहता पात्र होतो, महागड्या कपड्यांचा आणि मोठ्या व्यवहारांचा नायक होतो, कारण त्या चकाकत्या संगीताला नायक लागतो. याच अल्बमवर प्रीमियरचे एकच गाणे आहे, ‘आय गेव्ह यू पॉवर’, ज्यात नाझ बंदूक होऊन बोलतो. बीट पुन्हा उघडी, उदास आणि स्वरांनी काटकसरी आहे, आणि तिच्यावर नाझचे डोळे पुन्हा उघडतात. वय, करार आणि प्रसिद्धी या गोष्टी अल्बममधल्या इतर गाण्यांसारख्याच असताना फक्त प्रोड्युसर बदलल्याने हे घडते, म्हणून वर नोंदवलेल्या शंकेला मी या गाण्याचे उत्तर पुरेसे बळकट मानतो.

पुढची अनेक वर्षे नाझला बीट निवडता येत नाही, अशी तक्रार त्याचे चाहतेच करत राहिले. मला ती तक्रार अर्धवट वाटते. ‘इलमॅटिक’च्या वेळीही निवड त्याने एकट्याने केली नव्हती. लार्ज प्रोफेसरच्या ओळखीतून आलेले, परस्परांना ऐकणारे एक वर्तुळ होते, आणि ते वर्तुळ सुटल्यावर पुष्कळ प्रोड्युसर घेण्याची पद्धत तेवढी उरली. ती पद्धत साऱ्या व्यवसायाने उचलली, पण वर्तुळाशिवाय. २०१८ मध्ये कान्ये वेस्टने मुख्य प्रोड्युसर म्हणून केलेला सात गाण्यांचा ‘नासिर’ आला, आणि त्यात मला नाझ पाहुण्यासारखा वाटतो. प्रत्येक बीट आधीच स्वतःचे म्हणणे मांडून मोकळी झालेली आहे. २०२० मध्ये मात्र कॅलिफोर्नियाचा प्रोड्युसर हिट-बॉय आला. ‘किंग्ज डिझीझ’पासून २०२३ पर्यंत या जोडीने सहा अल्बम केले, आणि पहिल्यालाच नाझच्या आयुष्यातले पहिले ग्रॅमी मिळाले. हिट-बॉय यंत्राच्या मर्यादेतून घडलेला नाही. त्याच्या संगणकाला दहा सेकंदांची अट नाही. तरीही या अल्बमांवर तो ढोल बारीक करतो, सुरावट कडव्याच्या वेळी मागे घेतो, कधी बीट मध्येच पूर्ण बदलतो, आणि जवळपास पन्नाशीला आलेल्या नाझला संथपणे, हिशेब मांडल्यासारखे बोलू देतो. १९९४ मध्ये पाच जणांनी मिळून जे केले, ते इथे एका माणसाने सहा अल्बमभर केले. फक्त प्रीमियरच्या लूपमध्ये जी अस्वस्थता होती, जी नाझला श्वास घेऊ देत नव्हती, ती हिट-बॉयकडे मला क्वचितच ऐकू आली, आणि नाझही आता तशी मागत असेल असे त्याच्या आवाजावरून वाटत नाही.